पूर्वीचे डॉक्टर

४ फेब्रुवारी

छोटी,

तुझं पोस्टकार्ड काल मिळालं. चार वर्षांतलं सातवं. मोजायला कष्ट पडत नाहीत, सगळी मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली ठेवली आहेत. या खेपेस तू दोन वाक्यं लिहिलीस. "चिंधी एका बाजूने चावते म्हणजे दाताचं असेल, दाखवून आण. डॉक्टर बदलू नकोस." वर 'ताई' नाही, खाली सही नाही, मी जगले की मेले याची चौकशी नाही. असू दे, माझी तक्रार नाही. तक्रार नाही असं मी लिहिलं म्हणजे ती आहे, हे तुला कळतंच.

चिंधीचं म्हणशील तर पाव दुधात भिजवून दिला तर खाते, कडा मात्र ताटलीत तशाच ठेवते. चेंडू तोंडात धरायचं सोडलंय. तोंडाला असा वास येतो की गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडे संशयाने बघतं. मग मी मशीनखाली बोट दाखवते. ती तिथेच असते, पायडलशेजारी, कापडाच्या तुकड्यांवर. तू तिला पहिल्यांदा माझ्याकडे घेऊन आलीस तेव्हा एवढीशी होती आणि त्याच ढिगात जाऊन झोपली होती, आठवतं? नाव तिथेच पडलं. आता नऊ वर्षांची झाली तरी जागा बदलायला तयार नाही.

आता डॉक्टरचं. छोटी, मी तुला ओळखत नाही का? ज्या माणसाचं घर तू सोडून गेलीस, त्याच्याच दवाखान्याच्या बाकावर तुझ्या बहिणीने तुझी कुत्री घेऊन बसायचं? मनातून तुला ते पटेल? माझी पायपीट वाचावी म्हणून तू तसं लिहिलंस. एकदा मी तुझ्या नवऱ्याची बाजू घेतली आणि तुला गमावलं. तीच चूक परत करायला मी खुळी नाही. चार वर्षांत त्यांच्या पाटीखालून मी एकदाही गेलेले नाही. भाजी आणायला जाताना समोरच्या बाजूने जाते, भर उन्हातून. वर्षातून एकदा लसीची गाडी शाळेजवळ येते, तिथे चिंधीला टोचून आणते. आजवर तेवढ्यावर भागलं.

माझी रीत तुला माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणतं, पँट दोन इंच कमी करा. मी त्याच्याकडे बघते, त्याच्या बुटांकडे बघते आणि दीड करते. घालून बघितल्यावर ते म्हणतं, अगदी बरोबर. माणसाला काय हवंय ते त्याच्या तोंडून दर वेळी नीट बाहेर पडतंच असं नाही. तू काळजी करू नकोस. मी चांगला दवाखाना शोधते.

ताई


११ फेब्रुवारी

छोटी,

तीन दवाखाने पालथे घातले. वही घेऊन गेले होते. हसू नकोस. मशीन घेताना मी अकरा दुकानं फिरले होते आणि ते मशीन अजून चालतंय.

पहिला बँकेच्या वरच्या मजल्यावर. दाराला काच, आत माशांची टाकी, कसलासा सुगंध मारलेला. चिंधीला तो गुळगुळीत जिना चढवेना, मी उचलून नेलं. डॉक्टर तरुण, हसरे, पण त्यांनी नाव विचारलं ते संगणकाकडे बघत, वय विचारलं तेही तिकडेच बघत, वजन विचारलं तेव्हा मला वाटलं संगणकच वर उचलून बघतात की काय. सहा मिनिटं मी घड्याळ लावून बसले होते. चिंधीला त्यांचा हात लागला नाही. मी वहीत काट मारली आणि तिला उचलून खाली आले.

दुसरा बस डेपोच्या मागे. हे डॉक्टर वयस्कर, स्वभावाने लोण्याचे. पण कुत्री आणि मांजरं एकाच बाकावर. आमच्या शेजारी एका बाईंच्या मांडीवर झाकणाची टोपली होती, तिच्यातून एक पंजा सारखा बाहेर यायचा आणि चिंधीच्या कानाला हात लावून परत जायचा. चौथ्या वेळेस चिंधी उठली, टोपली पडली आणि मांजर थेट एका गृहस्थांच्या डोक्यावर. त्यांना केस नव्हते, त्यामुळे त्याला धरायला फक्त कातडी मिळाली. पुढचं सांगत नाही. त्या गोंधळातही डॉक्टर शांत होते, ते मला आवडलं होतं. पण त्यांचे हात थरथरतात. सुई धरणाऱ्याचे हात थरथरलेले मला चालत नाहीत, मग सुई कुठलीही असो.

तिसरा पुलाजवळ, कोपऱ्यावर. नवीन आहे. मांजरांना एक दार, कुत्र्यांना दुसरं. फरशी इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर काढल्या आणि मग कळलं की कोणीच काढत नाही. डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच आहे, तिशीही नसेल. तिने चिंधीला टेबलावर घ्यायला सांगितलं नाही. स्वतः खाली बसली, हात पुढे केला आणि चिंधीने वास घेऊन होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर तिचा ओठ अंगठ्याने अलगद वर केला, मी अस्तर बघताना करते तसा. मी वही मिटली.

वरच्या मजल्यावरचे मास्तर, गणिताचे, दोन मांजरांवाले, त्यांना जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, "एवढं फिरलात कशाला? आपल्या चौकातले डॉक्टर आहेत की. आमची ठमी कुणाला हात लावू देत नाही, ती त्यांच्याकडे स्वतः पिशवीत जाऊन बसते."

मी म्हटलं, "मास्तर, तुमचं मांजर तुमच्यापाशी. आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे."

ते म्हणाले, "घरची गोष्ट कुत्रीला ठाऊक आहे का?"

माणूस भला आहे, पण नको तिथे तोंड घालायची सवय जात नाही. मास्तरकी केली की असंच होत असावं.

ताई


१८ फेब्रुवारी

छोटी,

तपासणी झाली. डावीकडच्या वरच्या दोन दाढा गेल्या आहेत, मुळाशी पू आहे. काढाव्या लागतील. चोवीस तारखेला सकाळी बोलावलंय. भूल देऊनच करतात, जागेपणी कुठलं कुत्रं तोंड उघडून बसेल? डॉक्टरीणबाईंनी कागदावर दाढेचं चित्र काढून मला समजावलं. मी भिऊन गेले होते, ते तिला दिसलं असणार. म्हणाली, "काकू, रोजचं काम आहे हे. मी स्वतः तिच्याजवळ असेन."

फॉर्म भरायचा होता, तो भरला. बरंच काय काय विचारतात.

चिंधीला आदल्या दिवशी दुपारनंतर काही द्यायचं नाही. ते कसं जमणार मला ठाऊक नाही, ती माझ्याकडे बघायला लागली की माझ्याने घास गिळवत नाही. तू जवळ असतीस तर तूच हे केलं असतंस. मी रागावते, ओरडते, पण कुणाला उपाशी ठेवणं मला जमत नाही.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर ती संध्याकाळही लिहिते. चार वर्षं मी त्या संध्याकाळच्या अवतीभवतीच लिहितेय.

तू बॅग आणि कुत्री घेऊन दारात उभी होतीस. मी तुला बसवलं, चहा टाकते म्हणाले. तू म्हणालीस, "ताई, मला तिथे राहायचं नाही. तो माझ्याशी बोलतच नाही गं. दिवसेंदिवस बोलत नाही." मी म्हटलं, "दारू पीत नाही, हात उगारत नाही, आणखी काय हवं?" मला वाटलं तू दमली आहेस, झोप काढलीस की उतरेल. मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि डॉक्टरांना फोन केला की येऊन घेऊन जा. तू ऐकलंस. भिंत ती केवढी. ते आले, तू गेली नाहीस, आणि सकाळी माझ्या घरातूनही गेलीस. जाताना म्हणालीस, "मी तुझ्याकडे काही मागत नाही. हिला तेवढी जागा दे, माझ्या खोलीवर कुत्रं चालत नाही."

तू माझ्या दारात आली होतीस, छोटी. आईबाबांच्या माघारी तुला दुसरं दार नव्हतं. मी चहा ठेवून फोन केला. त्याची लाज मला रोज वाटते, आणि म्हणूनच मी त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. मला तुला दुसरं काय देता येणार होतं?

चोवीस झाली की लगेच कळवते.

ताई


२७ फेब्रुवारी

छोटी,

परवा फोनवर तू चाळीस मिनिटं होतीस. माझं अठरा तारखेचं पत्र तुझ्या हातात पडायच्या आधीच डॉक्टरांनी तुला कळवलं होतं. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा जाड झालाय. तू रडत होतीस आणि मधेच म्हणालीस, "ताई, तू एकटीने कसं सोसलंस गं?" मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते. मी फारसं बोलले नाही, हे तुला खटकलं असेल. तू विचारलंस ते आता लिहिते.

सकाळी चिंधीला नेलं. ती स्वतः कुत्र्यांच्या दाराने आत गेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं नाही, झोप लागेपर्यंत थांबा म्हणाल्या. मी तिचं पांघरूण घेऊन गेले होते, तू दिलेलं, निळ्या चौकड्यांचं. ते टेबलावर घातलं. पायाला सुई दिली. तिने माझा हात चाटला, डोकं खाली ठेवलं. दाढांना अजून हातही लागला नव्हता. छाती हलायची थांबली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला केलं. नळी घातली, दुसरी सुई दिली, दोन्ही हातांनी छाती दाबत राहिल्या. अर्धा तास. त्यांच्या हाताखालची बाई म्हणाली, "मॅडम, आता पुरे." तरी त्या थांबल्या नाहीत.

तिला पांघरुणात घेतलं. घराकडे निघाले होते, पण पाय आपोआप चौकाकडे वळले. चार वर्षांनी त्या पायऱ्या चढले, तेही काही उपयोग उरला नव्हता तेव्हा. बाकावर तिघेजण होते, ते उठले आणि बाजूला झाले. डॉक्टर आतून आले. माझ्याकडे बघितलं, पांघरुणाकडे बघितलं आणि ते हातातून घेतलं.

ते फरशीवर बसले. चिंधीला मांडीवर घेतलं. हात लांबवून खालचं कपाट उघडलं आणि एक पिवळं कार्ड काढलं. तिचं. वर तुझ्या अक्षरात नाव आहे, आणि खाली त्यांच्या अक्षरात, लाल शाईने, दोन रेघा मारून लिहिलंय की पिल्लं न होण्याच्या ऑपरेशनच्या वेळी अमुक औषधाने हिचा श्वास थांबला होता, ते औषध हिला कधीही देऊ नये. तुला हे ठाऊक होतं, तू फोनवर म्हणालीस. तू म्हणालीस, "मी तुला नीट लिहायला हवं होतं. नुसतं 'डॉक्टर बदलू नकोस' काय लिहिलं मी!" छोटी, तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू अजिबात देऊ नकोस.

आणखी एक सांगते. मी तिथे तासभर होते. डॉक्टर सगळा वेळ बोलत होते. "आलीस का? किती जाड झालीस. कान साफ करतं का कोणी? बघू दात." असं, हळू आवाजात, सगळं चिंधीशी. मी समोर स्टुलावर बसून रडत होते. माझ्याकडे त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. शेवटी एकच विचारलं, तेही कार्डाकडे बघत. मग दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत स्वतः खड्डा खणला.

वाईट नाहीत ते. पण त्या स्टुलावर मला तासाभरात गुदमरल्यासारखं झालं, आणि तू तिथे सहा वर्षं राहिलीस. तू त्या संध्याकाळी काय सांगत होतीस ते मला आत्ता कळलं. तेव्हा मी तुला चहा विचारला होता.

ताई


६ मार्च

छोटी,

तू येणार. मी हे वाक्य मशीनवर बसून तीनदा मोठ्याने म्हटलं. गिऱ्हाईक दारात होतं, ते म्हणालं, कोण येणार? मी म्हटलं, तुमची पँट उद्या मिळेल.

आतली खोली आवरली. तिथे कापडाचे गठ्ठे होते ते सगळे माळ्यावर टाकले. पडदे धुतले. गादीला नवी खोळ शिवली. तुला अजून खिडकीकडे पाय करून झोपायला लागतं का? पलंग फिरवून ठेवलाय. नसेल तसं तर परत फिरवू, दोघी मिळून. पंधरवडाभर राहणार म्हणालीस ना? मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "चला, आता जिन्यात तुम्ही माझ्याशी कमी भांडाल."

तुझा कालचा मेसेजही बघितला. "त्या दवाखान्याचं नाव दे. जुनं कार्ड न मागता भूल दिलीच कशी? मी तक्रार करणार आहे. ताई, आपण दोघी मिळून करू."

आपण दोघी. ते दोन शब्द तू लिहिलेस आणि मी फोन उलटा करून ठेवला.

राहू दे ना ते नाव. पोरगी आहे. आल्यावर बोलू. तिकीट काढलंस की कळव.

ताई


९ मार्च

छोटी,

हे पत्र पूर्ण वाच. तिकीट काढलं नसशील तर वाचून झाल्यावर ठरव. काढलं असशील तर ते मोडता येतं.

आज सकाळी डॉक्टरीणबाई घरी आली होती. पत्ता फॉर्मवरून घेतला असेल. मशीनसमोरच्या खुर्चीत बसली, जिथे गिऱ्हाईक बसतं. डोळे सुजलेले. दोन आठवडे तिने एकाही जनावराला भूल दिलेली नाही, दुसरीकडे पाठवते म्हणाली. म्हणाली, "काकू, मी सारखी तो दिवस आठवते. माझं काय चुकलं ते मला सापडत नाही. तुम्हाला काही आठवतं का?" आणि तिने फाईलमधून फॉर्म काढून माझ्या मांडीवर ठेवला, मी वाचावा म्हणून.

माझंच अक्षर. 'पूर्वीचे डॉक्टर' असं छापलेलं, पुढे रेघ, आणि त्या रेघेवर मी लिहिलंय, 'नाही'.

छोटी, तिने कार्ड मागितलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा फॉर्मवर. नंतर पोटावर हात फिरवताना तिला जुन्या टाक्यांची खूण लागली. म्हणाली, "हिचं ऑपरेशन झालंय. कुठे केलं? त्यांच्याशी मी बोलून घेते." मी म्हटलं, "दुसऱ्या गावी केलं. ते डॉक्टर आता राहिले नाहीत." तिथून चालत पंधरा मिनिटांवर त्यांची पाटी आहे आणि मी त्या माणसाला जिवंतपणी मारून टाकलं. इतक्या सहज, की तिने "अरेरे" म्हटलं. तिसऱ्यांदा चोवीस तारखेला सकाळी, सुई हातात घेऊन तिने विचारलं, "तेव्हा भुलीचा काही त्रास झाला होता का, काकू?" मी म्हटलं, "नाही." मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायला हवं होतं, पण मग ती कुणाला विचारू असं म्हणाली असती.

आणि डॉक्टरांनी कार्डाकडे बघत जे एकच विचारलं, ते हे होतं, "त्यांनी जुने कागद मागितले नाहीत का?" त्यांनाही मी "नाही" म्हटलं. त्यांनी तुला फोनवर तेच सांगितलं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना मी खोटं दिलं.

मला त्यांचं नाव त्या रेघेवर लिहायचं नव्हतं. एवढंच. नाव लिहिलं तर पोरगी त्यांना फोन करणार, ते येणार, आणि मग मी परत त्यांच्याशी संबंध ठेवला असं तुला वाटणार. मी तिथे पेन धरून बसले होते तेव्हा तुझा चेहरा माझ्यासमोर होता. मला वाटत होतं की मी तुझी बाजू घेतेय. खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. तू बघायला हवं होतंस, असं वाटलं होतं.

तू जाताना दारात काय म्हणालीस ते सगळं मी मागे लिहिलं नाही. तू म्हणालीस, "हिला तेवढी जागा दे." आणि चप्पल घालता घालता म्हणालीस, "कुत्री तुझ्याकडे, कार्ड त्याच्याकडे. दाखवायचं झालं तर तिथेच ने. त्याचं माझं भांडण माणसांचं आहे." मी ते ऐकलं होतं, शब्दन् शब्द. आणि मला वाटलं, बिचारी अभिमानाने बोलतेय. मग तू पोस्टकार्डावर लिहिलंस, बदलू नकोस. मला वाटलं, माझी पायपीट वाचवतेय. तू म्हणालीस मला तिथे राहायचं नाही, मला वाटलं दमली आहे. तू आयुष्यात मला जे काही सरळ सांगितलंस त्याचं मी दर वेळी दुसरंच काहीतरी केलं, आणि दर वेळी मला वाटलं की हेच तुला हवंय.

मी त्या पोरीला सांगितलं. खुर्चीत बसूनच सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने फॉर्म उचलून फाईलमध्ये ठेवला. मग म्हणाली, "काकू, मी दुसरं औषध वापरलं असतं." आणि उठून गेली. जिन्यात ती थांबल्याचा आवाज आला, मग खाली गेल्याचा. दुपारी डॉक्टरांकडेही जाऊन सांगून आले. त्यांनी कार्ड परत कपाटात ठेवलं.

हे मी लिहिलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. तू आली असतीस, खिडकीकडे पाय करून झोपली असतीस, आपण दोघींनी मिळून तक्रार लिहिली असती. चार दिवस मी ते मनात रंगवून बघितलं. पोरगी आली नसती तर मी तेच केलं असतं का, हे मला माहीत नाही. बहुतेक केलं असतं.

चिंधी माझ्यामुळे गेली. ती माझा हात चाटून झोपली.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही याचा विचार करत बसावं लागेल. तू काय ते लिही. लिहिशील तेच मी वाचेन.

ताई


२२ मार्च

छोटी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. आठवं. "मी येणार नाही. तिचं पांघरूण पाठव. धुऊ नकोस. शिवू नकोस."

काल एक बाई पँट घेऊन आल्या. म्हणाल्या, तीन इंच. मला दिसत होतं की अडीच बसेल, तीनने घोटा उघडा पडेल. मी तीन कापले. घालून बघितली, घोटा उघडा पडला. बाई आरशात बघून म्हणाल्या, "अशीच हवी होती."

पांघरूण सोबत पाठवतेय. त्याला तिचे केस आहेत, आणि त्या दिवशीची मातीही. डाव्या कोपऱ्यात वीतभर उसवलंय. ती दाताने ओढायची तिथे. निळा दोरा घरात होता, सुईत ओवून झाला होता.

तसंच ठेवलं आहे.

ताई